स्कूटरचा बेल्ट तुटला आणि चार्ल्स गुडइयर भेटला

आजचा लेख स्कूटरच्या बेल्टबद्दल आहे, पण त्यात एका माणसाची अख्खी जन्मकथा येणार आहे. दोन्हींचा संबंध काय, ते आधी सांगतो.

मी मोहोळचा. मागच्या मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी सोलापूरला घेऊन निघालो होतो. ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, डोळ्यावर हिरवा चष्मा. बस तापतात म्हणून स्कूटर काढली, आणि लवकर निघायचं ठरवूनही घरातून निघायला अकरा वाजले. लांबोटीच्या अलीकडे फट्ट असा आवाज आला. इंजिन चालू, रेस दिली की नुसतं ओरडतंय, गाडी मात्र जागची हलेना. सोलापूरकडचं ऊन, सावलीला एकच लिंब. आईला तिथं बसवलं आणि मला आठवलं की अकरा महिन्यांपूर्वी बेल्ट बदलताना मी अडीचशे रुपये वाचवले होते. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, पण बसतो म्हटल्यावर बसवून टाकला होता.

अर्ध्या तासानं एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला थांबला. स्कूटर मागच्या ट्रॉलीत चढवली, आई पुढं एका जीपमध्ये बसून गेली आणि वेळेत दवाखान्यात पोचली. मी ट्रॉलीत तुटलेला बेल्ट हातात घेऊन बसलो होतो. आतल्या दात्यांच्या मधे आडव्या भेगा, कडा चकचकीत आणि लाकडासारख्या कडक. समोर ट्रॅक्टरचं भलंमोठं चाक फिरत होतं आणि त्याच्या टायरवर नाव होतं, गुडइयर. हे नाव मी लहानपणापासून वाचत आलोय. त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा शोधलं, की हा गुडइयर होता तरी कोण. वाचत गेलो आणि रात्रीचे दोन वाजले.

लोखंडाच्या दुकानातून तुरुंगात

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन इथला. वडील अमासा गुडइयर शेतीची अवजारं, बटणं असलं सामान बनवायचे. चार्ल्स सतराव्या वर्षी फिलाडेल्फियाला हार्डवेअरचा धंदा शिकायला गेला, परत येऊन वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं. दोन वर्षांनी त्यानं फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान थाटलं. आपल्याकडं कसं, बाजारपेठेत बापाचं दुकान आणि मोठ्या गावात पोराची शाखा, तसंच.

धंदा आधी चांगला चालला, मग उधारीनं खाल्ला. १८३० च्या सुमाराला दिवाळं निघालं. त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे. चार्ल्स आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. पुढं आयुष्यभर हे येणं-जाणं सुटलं नाही. तब्येत आधीच नाजूक, त्यात घरात लहान मुलं. अशा माणसानं गपगुमान एखादी नोकरी धरायची. यानं धरलं रबर.

उन्हाळ्यात पाघळणारं, थंडीत तडकणारं

त्या दिवसांत अमेरिकेत रबराची मोठी लाट होती. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडाचा चीक वाळवून येणारा हा पदार्थ पाणी आत घेत नाही, ताणला तर लांबतो, सोडला तर पूर्ववत होतो. लोकांनी बूट, कोट, पिशव्या बनवणारे कारखाने काढले आणि त्यात पैसे घातले. अडचण पहिल्याच उन्हाळ्यात कळली. ऊन वाढलं की बूट पाघळून चिकट गोळा व्हायचे, घाण वास सुटायचा. थंडीत तेच बूट कडक होऊन तडकायचे.

१८३४ साली चार्ल्स न्यू यॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गेला. तिथला हवा भरायचा जीवरक्षक पट्टा त्यानं पाहिला आणि त्याची झडप सुधारून घेऊन आला. दुकानाच्या व्यवस्थापकानं त्याला खरी गोष्ट सांगितली. झडपेचं काय घेऊन बसलास, इथं मालच वितळून परत येतोय, रबर टिकाऊ करून दाखवलंस तर नशीब उघडेल, असा त्याचा एकूण सूर होता. चार्ल्सला रसायनशास्त्राचा गंध नव्हता. तरी ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

फिलाडेल्फियाला परतला तर कर्जापायी पुन्हा अटक. मग त्यानं कोठडीतच काम सुरू केलं. क्लॅरिसाकडून कच्चं रबर आणि तिचं लाटणं मागवलं, आणि पोळीसारखं ते रबर मळायला, लाटायला लागला. प्रयोगशाळा म्हणाल तर एवढीच.

बाहेर आल्यावर त्यानं रबरात मॅग्नेशियाची पांढरी पूड मिसळली. चिकटपणा गेला, पुस्तकांच्या बांधणीसारखा छान पांढरा माल झाला, बूट तयार केले. उन्हाळा आला आणि बूट पाघळले. मग चुना घालून उकळून पाहिलं. तेही फसलं, कारण आंबट काही लागलं की चुन्याचा परिणाम जायचा. एकदा रबरावरची ब्राँझची नक्षी काढायला त्यानं नायट्रिक आम्ल ओतलं, तुकडा काळा पडला म्हणून फेकून दिला. नंतर शंका आली, तो कचऱ्यातून उचलला, तर पृष्ठभाग कोरडा आणि गुळगुळीत झालेला. या पद्धतीचं पेटंट मिळालं, पैसे लावणारा माणूसही मिळाला. तेवढ्यात १८३७ ची मंदी आली, सगळं बुडालं आणि हे कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या एका रबर कारखान्यात राहायला गेलं.

टपालाच्या पिशव्या

पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याला नॅथॅनियल हेवर्ड भेटला. हा माणूस रबरात गंधक मिसळून ते उन्हात ठेवायचा, त्यानं वरचा थर टणक व्हायचा. चार्ल्सनं त्याचा हक्क विकत घेतला. याच सुमाराला सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पिशव्या झाल्या, टांगून ठेवल्या, आणि काही आठवड्यांच्या उष्ण हवेत त्या स्वतःच्याच वजनानं पाघळायला लागल्या. वरचा थर सुधारला होता, आतलं रबर तसंच कच्चं होतं.

इथं मी वाचायचं थांबवून माझा बेल्ट पुन्हा हातात घेतला. गॅरेजमध्ये बेल्ट पाहताना आपण काय पाहतो? वरून काळा आहे, चकचकीत आहे, बसतोय. म्हणजे फक्त वरचा थर. आतलं रबर कसं आहे हे मोहोळच्या मे महिन्यात कळतं.

या फसलेल्या ऑर्डरनंतर ओळखीपाळखीचे लोक त्याला टाळू लागले. घरातलं सामान गहाण पडलं. मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. आपण घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतो ना, अगदी ते. पण तुळशीपत्र ठेवताना घरातल्यांना कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं. त्याची अनेक मुलं लहानपणीच गेली. क्लॅरिसानं काय काय सोसलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

तापलेली चूल

१८३९ च्या हिवाळ्यात वोबर्नमध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा त्याच्याकडून तापलेल्या चुलीवर पडला. रबर तापलं की वितळतं, हे तर सगळ्यांना माहीत. हा तुकडा वितळला नाही. चामड्यासारखा करपला. आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक बारीक पट्टा असा होता की जो ना करपलेला, ना चिकट. तो ताणला तरी पूर्ववत होत होता. चार्ल्सनं तो रात्रभर बाहेरच्या थंडीत ठेवला. सकाळी पाहिलं तर तसाच लवचिक.

लोक याला अपघात म्हणतात. चुलीवर काहीबाही पडणं रोजचंच आहे, पण त्या कडेच्या पट्ट्याकडं पाहायला पाच वर्षं त्याच एका प्रश्नात बुडालेला माणूस लागतो.

नेमकं काय झालं होतं? कच्च्या रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे, शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले पण सुटे. उष्णता मिळाली की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर पाघळतं. गंधक आणि उष्णता एकत्र मिळाली की या धाग्यांच्या मधे गंधकाचे छोटे छोटे पूल बांधले जातात. मग धागे ताणले तरी निसटत नाहीत, सोडले की जागेवर येतात. पूल कमी पडले तर माल मऊ आणि चिकट राहतो. जास्त झाले तर कडक होऊन तडकतो. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे तिन्ही जुळावं लागतं.

चार्ल्सला ते जुळवायला आणखी पाच वर्षं लागली. स्वयंपाकघरातली भट्टी, शेजारच्या कारखान्यातली उरलेली आच, जिथं मिळेल तिथं तो तुकडे भाजत होता. शेवटी १५ जून १८४४ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ३६३३.

पेटंट मिळालं, पैसा नाही

इंग्लंडमध्ये मात्र उशीर झाला होता. चार्ल्सच्या रबराचे नमुने तिकडे पोचले होते. थॉमस हॅन्कॉक या अनुभवी रबर कारखानदारानं ते तपासले, गंधकाचा माग काढला आणि चार्ल्सच्या आधी तिथलं पेटंट घेतलं. व्हल्कनायझेशन हे नावसुद्धा हॅन्कॉकच्या मित्रानं रोमन अग्निदेव व्हल्कनवरून सुचवलेलं. आपल्याकडे पंक्चरच्या टपरीवर रंगवलेलं असतं ते हेच नाव.

अमेरिकेत त्याचं पेटंट न जुमानता माल काढणारे बरेच होते. १८५२ साली ट्रेंटनच्या कोर्टात मोठा खटला चालला. चार्ल्सच्या बाजूनं उभे होते डॅनियल वेबस्टर, त्या वेळचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. फी १५,००० डॉलर. खटला जिंकला, पण त्याच्या शोधावर वकिलाला एका दमात जेवढं मिळालं, तेवढं निवांतपणे चार्ल्सच्या हाती कधी राहिलं नाही. जे यायचं ते तो प्रदर्शनांत घालायचा. १८५१ ला लंडनच्या आणि १८५५ ला पॅरिसच्या महाप्रदर्शनात त्यानं भिंती, फर्निचर, दागिने, सगळं रबराचं मांडलं. स्वतःचं पुस्तकही रबराच्या पानांवर छापून पाहिलं. १८५३ साली क्लॅरिसा इंग्लंडमध्येच गेली. पुढं पॅरिसमध्ये पैसे थकले आणि तो पुन्हा कर्जदारांच्या तुरुंगात गेला. फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा मानाचा क्रॉस त्याला मिळाला, तेव्हा तो आतच होता.

१ जुलै १८६० ला न्यू यॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. आजारी मुलीला भेटायला निघालेला, ती आधीच गेल्याची बातमी वाटेत मिळाली आणि तो कोसळला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. ज्या टायरवर मी त्याचं नाव वाचलं ती कंपनी १८९८ ची. फ्रँक सीबरलिंगनं ओहायोतल्या अॅक्रन गावी काढलेली. गुडइयर घराण्याचा तिच्याशी संबंध नाही, नाव फक्त मानानं घेतलं. चार्ल्सनं मोटार पाहिली नाही, स्कूटर तर दूरच.

मग स्कूटरमध्ये काय झालं?

रबर भरवशाचं झाल्यावर त्याचा बेल्टही भरवशाचा झाला. रबराच्या व्ही बेल्टवर गिअरशिवाय गाडी चालवायची पद्धत हॉलंडच्या हुब व्हॅन डोर्ने यांनी १९५८ साली डाफ मोटारीत आणून दाखवली. आपल्याकडं १९८४ ला कायनेटिक होंडा आली आणि गिअर न टाकता चालणारी स्कूटर घराघरात दिसू लागली. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर याच तत्त्वावर चालतात.

इंजिनजवळ एक पुली, मागच्या चाकाजवळ दुसरी. दोन्ही पुल्या दोन-दोन थाळ्यांच्या बनलेल्या. रेस वाढली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी मागच्या थाळ्या फाकतात आणि बेल्ट तिथं आत उतरतो. गिअर बदलतो तो असा, सेकंदाला कितीतरी वेळा. हे सगळं एका बंद पेटीत, इंजिनाला खेटून. म्हणजे बाहेर ४२ अंश असेल तर आत बेल्टला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं.

आजचे बेल्ट बहुधा क्लोरोप्रीन या कृत्रिम रबराचे असतात, आत पॉलिएस्टर किंवा अॅरामिडच्या मजबूत दोऱ्या. गंमत म्हणजे क्लोरोप्रीन पक्कं करायला मुख्यतः झिंक ऑक्साइड आणि मॅग्नेशिया वापरतात. चार्ल्सनं सुरुवातीला मिसळून फसलेली ती पांढरी पूड, ती अशी कामाला आली.

बेल्ट निवडताना

आता माझ्या अडीचशे रुपयांतून तुम्हाला फुकट मिळणारं शहाणपण.

१. गाडीचं नाव सांगून बेल्ट मागू नका. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्ये बेल्ट वेगळा असू शकतो. मॅन्युअलमधला किंवा जुन्या बेल्टवर छापलेला पार्ट नंबर जुळवा.

२. लांबी, वरची रुंदी आणि बाजूचा उतार, तिन्ही जुळले पाहिजेत. रुंदी कमी असेल तर बेल्ट पुलीत खोल बसतो आणि पिकअप किंवा टॉप स्पीड बिघडतो.

३. बेल्टवर छापील नाव आणि नंबर नसेल तर घेऊ नका. दाते एकसारखे आहेत का पाहा. वास, चिकटपणा, कडेला निघालेले धागे दिसले तर परत द्या.

४. बेल्ट घडी घालून डिकीत कोंबू नका. आतल्या दोऱ्या मोडतात.

५. कधी बदलायचा ते मॅन्युअल सांगतं. बऱ्याच गाड्यांना साधारण २० ते २५ हजार किलोमीटर. भेगा, धागे, चकाकलेल्या कडा किंवा मर्यादेपेक्षा कमी रुंदी दिसली तर त्याआधीच.

बसवताना

इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, गाडी मेन स्टँडवर घ्या. डाव्या बाजूची किक आणि मग कव्हर काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी टोचून ठेवा. पुढची पुली होल्डरनं धरून नट सोडवा, बाहेरची थाळी काढा, बेल्ट निघतो. काही गाड्यांमध्ये मागचा क्लचही उतरवावा लागतो. त्याच्या आत दाबलेली स्प्रिंग असते, तो खोलायचा असेल तर काम गॅरेजवर सोपवा.

आतली काळी पूड कपड्यानं पुसा, तोंडाला रुमाल बांधा. पुलीच्या थाळ्यांवर तेल, ग्रीस काहीही राहता कामा नये. रोलर एका बाजूनं झिजून चपटे झाले असतील तर तेही याच वेळी बदला. नव्या बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी पुढं आहे. मागच्या पुलीच्या थाळ्या हातानं फाकवून बेल्ट आत खोल बसवा, म्हणजे पुढं ढिल मिळते. मग पुढची थाळी लावा आणि ती मधल्या नळीवर टेकली आहे ना, बेल्ट मधे चिमटलेला नाही ना, हे नीट पाहा. बेल्ट चिमटला असेल तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो. गाडी चालू केली की बेल्ट सरकतो, नट ढिला पडतो आणि पुलीचे दाते जातात. नट मॅन्युअलमधल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळा. तो पाना नसेल तर एवढ्या कामापुरती गाडी गॅरेजला न्या. नंतर मागची पुली हातानं फिरवत राहा, तिच्यात बेल्ट वर चढेपर्यंत. मग कव्हर, किक, आणि पहिले काही किलोमीटर सावकाश.

मी या वेळी पार्ट नंबर जुळवून बेल्ट घेतला, समोर उभं राहून बसवून घेतला. पुढच्या तपासणीला आईला त्याच स्कूटरवर नेलं, फक्त सकाळी सातला निघालो. लांबोटीला तो लिंब आला तेव्हा आईनं मागून पाठीवर थाप मारून तिकडं बोट दाखवलं. परत येताना चिवडा घ्यायला थांबलो, तेव्हा गाडीच्या डाव्या कव्हरला हात लावून पाहिला. चांगलंच तापलं होतं. आतल्या बेल्टचं काही बिघडलं नव्हतं. त्यासाठी लागणारी पाच आणि पाच अशी दहा वर्षं कुणीतरी आधीच मोजून दिली होती.